क्रोधाचे स्थलांतर : बर्सर्कर योद्धा, दरबार आणि टोळी

अद्भुतिका या साहित्यप्रकाराची मराठी समीक्षेने फारशी गांभीर्याने दखल घेतलेली नाही. बालवाङ्मय किंवा पलायनवादी रंजन एवढ्यावरच हा विषय बहुधा संपविला जातो. दरम्यान फँटसी कादंबऱ्या, त्यांवर बेतलेले चित्रपट आणि संगणकावरील खेळ यांच्यामार्फत काही पात्रे मराठी वाचकाच्या, विशेषतः तरुण वाचकाच्या, कल्पनाविश्वात स्थिरावली आहेत. ‘टोळीतला उन्मत्त योद्धा’ हे त्यांपैकी एक ठळक पात्र होय. उघडी छाती, हातात दुधारी कुऱ्हाड, अंगावर श्वापदाचे कातडे, तोंडी मोजकेच शब्द, आणि युद्धाला तोंड लागताच भान हरपून शत्रूवर तुटून पडणे ही त्याची लक्षणे ठरून गेलेली आहेत. इंग्रजीत त्याला कधी ‘बार्बेरियन’ तर कधी ‘बर्सर्कर’ म्हणतात. हे पात्र उत्तर युरोपातील प्राचीन सागावाङ्मयातून जसेच्या तसे उतरले आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासून पाहणे आवश्यक आहे. कारण मूळ बर्सर्कर हा टोळीचा माणूस नव्हता, तो राजाचा माणूस होता. आधुनिक अद्भुतिकेने त्याचा क्रोध तेवढा घेतला आणि त्याचा धनी गाळला. दरबारातील एका सेवेचे रूपांतर जमातीच्या स्वभावात झाले. हे स्थलांतर वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाचे आहे आणि नैतिक दृष्ट्या ते निरुपद्रवी नाही.

१

‘बेर्सेर्क्र’ या जुन्या नॉर्स शब्दाचा उत्तरार्ध ‘सेर्क्र’ म्हणजे सदरा. पूर्वपदाविषयी दोन मते आहेत. एका मताने त्याचा अर्थ अस्वल, म्हणजे अस्वलाचे कातडे पांघरणारा. दुसऱ्या मताने त्याचा अर्थ उघडा, म्हणजे चिलखताविना लढणारा. तेराव्या शतकातील आइसलंडचा इतिहासकार आणि कवी स्नोर्री स्टुर्लुसोन (११७९–१२४१) याने आपल्या ‘इंग्लिंगा सागा’त ओडिन या देवाच्या योद्ध्यांचे वर्णन केले आहे. ते चिलखत घालीत नसत, आवेशात आपल्याच ढालींचे चावे घेत, आणि अग्नी व लोखंड यांची त्यांना बाधा होत नसे, असा त्या वर्णनाचा आशय आहे. पुढील सर्व चित्रणांचा हा मूलस्रोत मानला जातो.

तथापि बर्सर्करांचा सर्वांत जुना उल्लेख याहून तीनेक शतके मागचा आहे. नॉर्वेचा राजा हाराल्ड ‘सुकेश’ याच्या स्तुतिपर काव्यात तो आढळतो. इ.स. ९०० च्या सुमाराचे हे काव्य थोर्ब्यॉर्न हॉर्नक्लोफी या राजकवीच्या नावावर आहे. त्यात हे योद्धे राजाच्या सैन्यातील विश्वासू लोक म्हणून येतात. म्हणजे उपलब्ध परंपरेच्या आरंभीच बर्सर्कर उभा आहे तो सत्तेच्या केंद्राशी. याला शिल्पाचाही आधार देता येईल. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर १८३१ साली उजेडात आलेल्या, वॉलरसच्या दातांतून कोरलेल्या बाराव्या शतकातील बुद्धिबळाच्या सोंगट्यांत काही सोंगट्या ढालीचा चावा घेणाऱ्या सैनिकांच्या आहेत. पटावर त्यांचे स्थान हत्तीचे आहे. राजा, वजीर, धर्मगुरू यांच्याच रांगेत, पटाच्या कडेला, डोळे वटारून हा उन्मत्त सैनिक बसलेला आहे. कोरणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने तो राजव्यवस्थेचा एक घटक होता.

बर्सर्कर आणि त्याला वापरणारा समाज यांच्यातील नात्याचे सर्वांत मार्मिक चित्रण ‘एरबिग्या सागा’त आले आहे. हाल्ली आणि लेइक्निर हे दोन बर्सर्कर बंधू नॉर्वेच्या हाकोन यार्लच्या पदरी असतात. आइसलंडचा वेर्मुंड त्यांना मागून घेतो. ते त्याला आवरता येणार नाहीत, अशी सूचना यार्ल आधीच देतो. तसेच घडते, आणि वेर्मुंड त्यांना आपला भाऊ स्तिर याच्या गळ्यात बांधतो. स्तिरला आपल्या वैरांसाठी असे हात हवेच असतात. परंतु हाल्ली जेव्हा स्तिरच्या मुलीला, आस्दीसला, मागणी घालतो, तेव्हा प्रश्न उभा राहतो. ज्याच्याकडून शत्रू मारवून घ्यायचे, त्याला जावई करून घ्यायचे काय? स्तिर परिसरातील धूर्त पुढारी स्नोर्री गोदी याचा सल्ला घेतो. मुलीच्या बदल्यात लाव्हाच्या खडकाळ पठारातून वाट काढण्याचे आणि कुंपण घालण्याचे काम त्या बंधूंना दिले जाते. ते काम ते पुरे करतात. आवेश ओसरल्यावर बर्सर्करांना ग्लानी येते, हे सागाकार नमूद करतो. त्या थकलेल्या अवस्थेत स्तिर त्यांना तापविलेल्या स्नानगृहात कोंडतो आणि बाहेर पडताना ठार करतो. आस्दीसचे लग्न पुढे सल्लागार स्नोर्रीशीच होते. स्नॅफेल्सनेस द्वीपकल्पातील ते लाव्हाक्षेत्र आजही बर्सर्करांच्या नावाने ओळखले जाते.

या कथेत क्रोध आहे, अद्भुत बळ आहे. परंतु कथेचा भर व्यवहारावर आहे. बर्सर्कर हस्तांतरित होतात, भेट म्हणून दिले जातात, राबविले जातात आणि नकोसे झाल्यावर मारले जातात. सागाकाराने त्यांच्यासाठी अश्रू ढाळलेले नाहीत. पण त्यांना राबविणाऱ्यांच्या सभ्यतेवरही पांघरूण घातलेले नाही. वाचकाला दोन्ही बाजू दिसतात.

इ.स. १००० च्या सुमारास आइसलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर सागांतून बर्सर्कराची प्रतिमा खालावत जाते. तो शेतकऱ्याला द्वंद्वाचे आव्हान देऊन त्याची मुलगी वा जमीन बळकावू पाहणारा गुंड होतो. एगिल किंवा ग्रेटिर यांच्यासारख्या नायकाच्या हातून मरणे एवढेच त्याचे काम उरते. ‘ग्रागास’ या आइसलंडच्या कायदेसंग्रहात बर्सर्कराच्या उन्मादाला सौम्य हद्दपारीची शिक्षा सांगितली आहे. आणि जवळ असून त्याला न आवरणाऱ्यांनाही तीच शिक्षा आहे. ही तरतूद अतिशय बोलकी आहे. उन्माद हा एका व्यक्तीचा दोष असला, तरी त्याची जबाबदारी भोवतालच्या सर्वांवर येते, हे ती गृहीत धरते. उन्मादाला रक्ताचा गुण मानणाऱ्या समाजाने असा कायदा केला नसता.

२

विसाव्या शतकातील लोकप्रिय अद्भुतिकेत हे चित्र पालटते. या पालटाचे श्रेय वा दूषण सामान्यतः रॉबर्ट ई. हॉवर्ड (१९०६–१९३६) या टेक्सासच्या लेखकाला दिले जाते. त्याच्या ‘कॉनन’ या सिमेरियन नायकाची पहिली कथा ‘वीअर्ड टेल्स’ या मासिकात डिसेंबर १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र हॉवर्डला सरसकट दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही. त्या पहिल्याच कथेत कॉनन हा अ‍ॅक्विलोनियाच्या सिंहासनावर बसलेला राजा आहे. तो अनेक भाषा जाणतो, डावपेच रचतो, विचार करतो. ‘द टॉवर ऑफ द एलिफंट’ (१९३३) या कथेत छळाने विकल झालेल्या एका परलोकीच्या जीवासमोर तो उभा राहतो तेव्हा त्याच्या मनात उमटते ती करुणा, आणि मानवजातीच्या वतीने वाटणारी लाज. हा नायक निव्वळ क्रोधाचा पुतळा नव्हे.

हॉवर्डच्या लेखनामागे एक भूमिकाही होती. संस्कृती ही क्षणभंगुर आणि रानटी अवस्था हीच मानवाची स्वाभाविक अवस्था, असे तो मानीत असे. एच. पी. लव्हक्राफ्टशी त्याने याच विषयावर पत्रांतून दीर्घ वाद घातला, आणि ‘बियाँड द ब्लॅक रिव्हर’ (१९३५) या कथेचा शेवट त्याने याच विचाराने केला. महामंदीच्या काळात, तेलाच्या धंद्याने आलेली भरभराट आणि तिच्यासोबतची बजबजपुरी जवळून पाहिलेल्या तरुणाला संस्कृतीचा असा तिटकारा यावा, हे समजण्याजोगे आहे. परंतु या भूमिकेची एक मर्यादा दृष्टीआड करता येत नाही. रानटी माणसाचा गौरव करणारा आणि त्याची निर्भर्त्सना करणारा, दोघेही तो इतिहासाबाहेरचा आहे हे एकच गृहीतक घेऊन चालतात. एक त्याला निर्मळ म्हणतो, दुसरा त्याला हिंस्र म्हणतो. त्याला कायदा असेल, जमिनीचे हक्क असतील, रागावण्याला विशिष्ट कारण असेल, असे दोघांच्याही मनात येत नाही.

हॉवर्डनंतर आलेल्यांनी त्याची भूमिका टाकून दिली आणि गृहीतक तेवढे ठेवले. पॉल अँडरसनच्या ‘द ब्रोकन सोर्ड’ (१९५४) या कादंबरीत व्हालगार्ड हा बर्सर्कर मनुष्यच नाही. तो मानवी अर्भकाच्या जागी ठेवलेला, एल्फ आणि ट्रोल यांच्या संकरातून जन्मलेला जीव आहे. अँडरसनला सागावाङ्मय उत्तम अवगत होते आणि व्हालगार्डच्या एकाकीपणाला त्याने शोकात्म उंचीही दिली. तरी उन्मादाचे मूळ रक्तात गेले ते गेलेच. त्याच्या विरुद्ध टोकाला टॉल्किनचा बेऑर्न (‘द हॉबिट’, १९३७) आहे. तो अस्वलाचे रूप घेणारा, रणांगणावर अनावर होणारा. परंतु घरी मधमाशा पाळणारा, मांस न खाणारा, पाहुण्यांच्या हकिकतीची शहानिशा केल्यावरच विश्वास ठेवणारा गृहस्थ आहे. क्रोधाला घर आणि विवेक दिला की पात्र किती भरीव होते, याचे हे उदाहरण आहे. त्याचे अनुकरण मात्र फारसे झाले नाही.

या प्रवासाची परिणती खेळांच्या नियमपुस्तकांत झाली. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ साली निघालेल्या खेळात बर्सर्कर प्रथम शत्रूंच्या यादीत येतो. ‘बार्बेरियन’ हा खेळाडूला घेता येण्याजोगा स्वतंत्र वर्ग १९८० च्या दशकात तयार झाला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचा क्रोध हे मोजता येणारे सामर्थ्य झाले. दिवसातून ठराविक वेळा तो क्रुद्ध होऊ शकतो. क्रोधात त्याचे बळ वाढते, बचाव दुबळा होतो आणि क्रोध सरल्यावर त्याला थकवा येतो. याच आवृत्तीत आणखी एक नियम होता. सर्व वर्गांत केवळ बार्बेरियनलाच आपोआप लिहिता-वाचता येत नसे. अक्षरओळख त्याला वेगळी किंमत मोजून मिळवावी लागे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. उन्मादानंतरची ग्लानी हे सागांतील लक्षण खेळाने अचूक जपले. पण त्या ग्लानीचा फायदा घेणारा स्तिर मात्र नियमांत कोठेच नाही. २००४ पासून चालू असलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या संगणकीय खेळात तर ‘बर्सर्किंग’ हा ट्रोल या संपूर्ण वंशाचा उपजत गुण ठरविलेला आहे.

खेळाचे नियम म्हणजे साहित्य नव्हे, तेव्हा समीक्षेने त्यांची चिकित्सा कशासाठी करावी, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो टिकणारा नाही. पात्राला काय करता येईल आणि काय येणार नाही हे जेथे ठरते, तेथे कथनाचे व्याकरणच ठरत असते. या खेळांवर वाढलेली पिढी आज कादंबऱ्या लिहीत आहे. प्रकाशकांनाही याची जाणीव झालेली दिसते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनी ‘वंश’ ही संज्ञा सोडण्याचे २०२२ च्या डिसेंबरात जाहीर केले आणि २०२४ च्या नियमपुस्तकात तिच्या जागी ‘प्रजाती’ ही संज्ञा आली. तथापि संज्ञा बदलल्याने क्रोधाचा धनी परत आलेला नाही.

३

हे वैगुण्य केवळ पाश्चात्त्य लोकप्रिय वाङ्मयाचे आहे, असे समजून समाधान मानण्याचे कारण नाही. क्रोध आपल्यापासून दूर सारून परक्याच्या अंगी चिकटविण्याची प्रवृत्ती भारतीय साहित्यविचारालाही अपरिचित नाही. भरताने वीर आणि रौद्र हे रस वेगळे केले. वीराचा स्थायीभाव उत्साह आणि त्याचा आश्रय उत्तम प्रकृतीची माणसे. रौद्राचा स्थायीभाव क्रोध आणि त्याचा आश्रय राक्षस, दानव व उद्धत मनुष्य. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात यावर एक शंकाही उपस्थित केली आहे. इतरांच्या ठिकाणी रौद्र नसतो काय? असतो, असे उत्तर येते. परंतु राक्षसादिकांचा त्यावर अधिकार आहे, कारण ते स्वभावतःच रौद्र आहेत. शंका प्रामाणिक आहे. उत्तरात मात्र ‘स्वभाव’ हा शब्द आला आणि चर्चेचे दार लोटले गेले.

या विभागणीचा ताण भीमाच्या पात्रावर सर्वाधिक पडतो. दुःशासनाचे रक्त पिण्याची प्रतिज्ञा करणारा भीम उत्तम प्रकृतीचा की उद्धत? महाभारताच्या स्त्रीपर्वात गांधारीसमोर भीम खुलासा करतो की ते रक्त दात-ओठांच्या पलीकडे गेलेच नाही. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकात याहून चतुर तोड काढली आहे. तिसऱ्या अंकाच्या प्रवेशकात रुधिरप्रिय हा राक्षस सांगतो की भीमाच्या देहात शिरून त्याने रक्त प्यायचे आहे, आणि त्याची योजना हिडिंबेच्या आज्ञेने झालेली आहे. प्रतिज्ञा क्षत्रियाची, सूड कुरुकुलातला, विजय पांडवांचा. रक्त पिण्याचे काम मात्र अरण्यातील सासरच्या माणसांकडे! नाटककाराने नायकाची प्रतिमा वाचविली. परंतु ती कोणाच्या खर्चाने वाचविली, हा प्रश्न आजच्या वाचकाने विचारलाच पाहिजे. स्तिरने बर्सर्करांकडून जे काम करवून घेतले आणि भट्टनारायणाने रुधिरप्रियाकडून जे करवून घेतले, त्यांत तत्त्वतः फरक नाही. फरक आहे तो कथनात. सागा तो व्यवहार उघड्यावर मांडते, नाटक तो प्रवेशकात उरकून घेते. आधुनिक अद्भुतिकेत तर तो व्यवहारच दिसेनासा होतो.

४

मराठीपुरता विचार केला तर हा प्रश्न प्रथम शब्दांचा आहे. ‘रानटी’ आणि ‘जंगली’ या दोन्ही विशेषणांचा मूळ अर्थ राहण्याच्या ठिकाणाशी निगडित आहे. रूढ अर्थ मात्र क्रौर्य आणि असंस्कृतपणा हा आहे. वसतिस्थानाचा स्वभाव करण्याचे काम भाषेने फार पूर्वीच केलेले आहे. याउलट आपल्या बाजूचा योद्धा बेभान झाला की त्याच्या अंगात ‘वीरश्री संचारते’. पुरंदरावर १६६५ साली दिलेरखानाच्या फौजेत घुसलेल्या मुरारबाजीचे वर्णन सभासद बखरीत आहे. त्याला कोणी रानटी म्हटलेले नाही, आणि ते योग्यच आहे. कारण बखरकार त्याचे नाव सांगतो, त्याचा धनी सांगतो, आणि खानाने देऊ केलेला कौल त्याने का धुडकावला तेही सांगतो. ‘संचार’ या शब्दात आवेश बाहेरून येतो आणि कार्य झाल्यावर निघून जातो, असे सूचन आहे. ‘अंगात येणे’ या लोकपरंपरेतील प्रयोगातही तेच आहे. अंगात येते ते एका स्थळी, एका वेळी, लोकांसमक्ष. लोक त्याला प्रश्न विचारतात, आणि वारे गेल्यावर तो माणूस पुन्हा घरचा होतो. बर्सर्कराच्या मूळ कल्पनेला मराठीतील सर्वांत जवळचा शब्दव्यवहार हाच आहे, आणि अनुवादक मात्र ‘रानटी टोळीवाला’ या शब्दाकडे धाव घेतात.

दुसरा प्रश्न याहून गंभीर आहे. इंग्रजीतील ‘ट्रायबल’ हा शब्द फँटसीत एका काल्पनिक जगाचे विशेषण असतो. मराठीत त्याचा प्रतिशब्द ‘आदिवासी’ हा आहे, आणि तो जित्याजागत्या माणसांचे नाव आहे. या भूमीत १८७१ साली ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि गुन्हा हा रक्तातून येतो हे तत्त्व कायद्याच्या पोथीत लिहिले गेले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्याची छाया किती काळ टिकली याची साक्ष लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने दिली. अशा समाजात ‘उपजत क्रोधाची जमात’ ही कल्पना केवळ कल्पना राहत नाही. ज्यांच्यावर ती एकदा प्रत्यक्ष लादली गेली, त्यांचीच नातवंडे आज महाविद्यालयाच्या वर्गात बसलेली आहेत.

याच वर्गात आदिवासी कवितेचेही अध्यापन होते. भुजंग मेश्राम यांनी आपल्या संग्रहाला ‘उलगुलान’ हे नाव दिले. १८९९-१९०० मधील बिरसा मुंडांच्या उठावाचे ते नाव. उलगुलान म्हणजे प्रचंड खळबळ, उत्पात. पण त्या उत्पाताला पत्ता आहे. तो जमिनीसाठी, जंगलासाठी, वेठबिगारीविरुद्ध आहे. तो दिवसातून ठराविक वेळा येणारा झटका नव्हे. वाहरू सोनवणे यांच्या कवितेतील संयत स्वर तर क्रोधाविषयीच्या सर्व ठोकळेबाज अपेक्षांना नकार देतो. एका तासाला ही कविता आणि दुसऱ्या तासाला ‘टोळीतल्या उन्मत्त योद्ध्या’चे कौतुक, असा दुभंग वाङ्मयाच्या अध्यापनाला परवडणारा नाही.

याचा अर्थ अद्भुतिकेतून हा योद्धा हद्दपार करावा असा नाही. अतिरेकी आवेशाचे चित्रण करणे हा साहित्याचा हक्क आहे, आणि सौम्य, निरुपद्रवी केलेला बर्सर्कर ही त्या परंपरेची विटंबनाच ठरेल. अपेक्षा एवढीच की मराठीत जो कोणी हे पात्र उभे करील, त्याने क्रोधासोबत क्रोधाचा धनीही उभा करावा. आणि जे अभ्यासक या साहित्यप्रकारावर प्रबंध लिहितील वा लिहवून घेतील, त्यांनी ‘आदिम ऊर्जा’ या गुळगुळीत संज्ञेवर विसंबू नये. या योद्ध्याला कोणी पोसले, त्याच्या हातून कोणाचे वैर साधले गेले आणि तो थकल्यावर त्याचे काय झाले, हे प्रश्न तेराव्या शतकातील एका अनामिक सागाकाराने विचारण्याजोगे ठेवले होते. त्यानंतरच्या वाङ्मयाने ते मिटवून टाकले असतील, तर ते पुन्हा उपस्थित करणे हे समीक्षेचे काम आहे.